बारा पडावांवरचं तळं

वणी,
१३ सप्टेंबर १९५९

देवसिंग मास्तरांना वणीहून पुंडलिकाचा रामराम.

पोळा झाला, पाऊस ओसरायला लागला, म्हणजे आपल्या सहलीचं पत्र लिहायची वेळ झाली. यवतमाळच्या बोर्डिंगात एका खोलीत झोपणारे आपण सहा जण दरसाल दिवाळीनंतर चार दिवस घर सोडतो, हे आता आपल्या गावांनाही पाठ झालं आहे. यंदा घनश्यामने नवीनच काढलं. म्हणतो, सरकारने डोंगर-जंगलांची राष्ट्रीय उद्यानं केली आहेत, त्यातलं एखादं पाहू. 'उद्यान' ऐकून रामराव लगेच तयार झाला. "बाग असंल तं बाकं असतीन, कारंजं असंल. चाललो आपण," म्हणाला. बाकावर वाघ बसलेला असेल हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. मागच्या वर्षी चिखलदऱ्याच्या थंडीत तो गोणपाटात शिरून झोपला होता. यंदा घाबरवायला निदान नवीन कारण मिळेल.

दोन नावं निघाली. एक ताडोबा, ते माझ्या घरापासून उठून चालू लागलं की येतं. दुसरं कान्हा, लांब, डोंगराळ, सालवृक्षांचं, बाराशिंग्यांचं. तीन वर्षांपूर्वीपर्यंत आपल्याच प्रांतात होतं, आता परप्रांतात गेलं, म्हणून अजूनच बघावंसं वाटतं. माझं मत कान्ह्याला. ताडोब्याला जाऊन आलेल्याला वणीत कोणी चहासुद्धा पाजणार नाही. तुझं मत कळव.

नियम जुनाच. फक्त बोर्डिंगची मंडळी. बायको, मेहुणा, सासरा, कोणी नाही. मैना माझ्या खांद्यावरून वाचते आहे, म्हणून हे मोठ्या अक्षरात लिहिलं.

तुझा
पुंडलिक

—

तांडा, कळंबजवळ
२२ सप्टेंबर १९५९

प्रिय पुंडलिका,

तुझं पत्र शाळेत आलं आणि चौथीच्या पोरांसमोर मी हसलो, त्यामुळे आजचा दरारा गेला.

मत देण्याआधी मला काही विचारायचं आहे. तू भूगोलाचा मास्तर, तुझ्याकडे भिंतीएवढा नकाशा आहे. आमच्या शाळेत नकाशा आहे तो जगाचा, त्यात यवतमाळ जिल्हा तांदळाच्या दाण्याखाली झाकला जातो. तर सांग, या दोन उद्यानांपैकी कुठल्या डोंगरात मोठं तळं आहे? तळ्याच्या वरच्या अंगाला खडक असले पाहिजेत, आणि पलीकडे तांदळाचा मुलूख लागला पाहिजे. आणखी एक खूण आहे. कळंबच्या चिंतामणीपासून बैलांनी निघालं, तर ती जागा बाराव्या पडावाला येते.

हे सगळं मी का विचारतो आहे ते विचारू नकोस. ज्या उद्यानात असं तळं निघेल, त्याला माझं मत.

वहिनींना नमस्कार. नियम मोठ्या अक्षरात लिहिल्यावर घरात काय झालं तेही कळव.

तुझा
देवसिंग

—

वणी,
१ ऑक्टोबर १९५९

देवसिंग,

घरात दोन दिवस बिनफोडणीचं वरण झालं. बाकी ठीक.

तुझं कोडं मी रविवारी सोडवलं. नकाशा खाली अंथरला, दोरा घेतला, पट्टी घेतली. बैलांचा एक दिवस म्हणजे दहा कोस धर. पौषात आमच्या दमणीगाड्या कळंबला जायच्या तेव्हा एवढं सहज व्हायचं. बारा दिवसांचे झाले एकशेवीस कोस, म्हणजे दोनशेचाळीस मैल. दोरा कळंबावर ठेवून वळणावळणाने सरकवला, तर टोक कुठे पडलं असेल? थेट कान्ह्याच्या डोंगरात. पलीकडे बालाघाटचा तांदूळ आहेच. तळंही आहे, हे इथल्या वनखात्याच्या एका गार्डाने सांगितलं. एवढं बिनचूक उत्तर माझ्या कुठल्या विद्यार्थ्याने आजवर दिलेलं नाही. तेव्हा तुझं मत कान्ह्याला पडलं असं धरतो. चार विरुद्ध दोन. रामरावाला ताडोबाच पाहिजे होतं, कारण तिथून रडत परत येणं सोपं.

आता माझं कोडं. पडाव मोजणारा माणूस तू नव्हेस. तू एस.टी.चं तिकीट मोजणारा. हे तुझ्या आईचं, सुखीबाईंचं बोलणं आहे. तुझी याडी काय म्हणते, नीट लिही.

पुंडलिक

—

तांडा, कळंबजवळ
९ ऑक्टोबर १९५९

प्रिय पुंडलिका,

पकडलंस. आता सगळं लिहितो.

याडीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. भाद्रपदात तिला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं होतं. चिठ्ठी लिहिणाऱ्याने नाव विचारलं, वय विचारलं, मग जन्मगाव विचारलं. याडी म्हणाली, "वाटेवर." त्याला वाटलं, असं एखादं गाव असेल. तालुका विचारला. याडी म्हणाली, "बाबू, गाव नाही. आमचा तांडा बैल घेऊन जाऊन राह्यला होता, तवा वाटेवर झाली मी." रांगेतली माणसं हसली. वाईट मनाने नाही, पण हसली. त्याने तिथे आडवी रेघ मारली. मी मास्तर, पोरांच्या दाखल्यावर रोज गावं लिहितो, आणि तिच्या शेजारी उभा राहून मला एक गाव सुचलं नाही. पुंडलिका, मला त्या रेघेची फार लाज वाटली.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मले ते जागा दाखव. डोये जायच्या आंधी."

तिचं सांगणं असं. आमचे लोक इकडून मीठ लादून नेत आणि तिकडून तांदूळ आणत. एका फेरीत तळ्यावरच्या पडावाला तिच्या याडीच्या पोटात दुखायला लागलं. खडकाच्या एका कपारीत ती जन्मली. नाळ तिथेच पुरली. पुढे दरसाल तांडा त्या वाटेने गेला की तिची याडी तिला कपारीपाशी उभी करायची आणि आत एक दगड ठेवायला लावायची. ती नऊ वर्षांची होईपर्यंत हे चाललं. मग संवत छप्पनचा, म्हणजे साठ वर्षांपूर्वीचा, मोठा दुष्काळ पडला, बैल मेले, लदेणीचा धंदा संपला आणि आमचे लोक इथे वावर धरून बसले. त्या जागेचं नाव तिला येतं ते आमच्या बोलीतलं. ते तुझ्या नकाशात सापडणार नाही.

डॉक्टर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात डोळे करणार. नजर येईलच असा शब्द त्यांनी दिलेला नाही. म्हणून यंदा ती आपल्याबरोबर यावी, एवढंच माझं मागणं आहे. नियम माहीत असून मागतो.

तुझा
देवसिंग

—

वणी,
१९ ऑक्टोबर १९५९

देवसिंग,

गाढवा, हे पहिल्याच पत्रात का नाही लिहिलंस?

तुझं पत्र मी घनश्यामच्या ट्रकवर बसून सगळ्यांना वाचून दाखवलं. रामराव म्हणाला, "बुढी मानूस, जंगल, थंडी. काही झालं तं कोन पाह्यन?" मग त्यानेच विचारलं, "तिले गोणपाट चालते का थंडीसाठी? माह्याकडं दोन हायेत." म्हणजे नियम मोडला, आणि कोणी मोडला ते तुला कळलं.

पुढचं संकट घरातून आलं. मैना म्हणते, एवढ्या पुरुषांत त्यांना एकटं नेता का, मी येते. सोबतीचं कारण आहे, त्यामुळे मला बोलता येत नाही. तिने पापड-कुरड्या बांधायलाही घेतल्या आहेत.

घनश्यामचा ट्रक पक्का. सध्या तो कोळसा वाहतो आहे, पण तीनदा धुऊन आणतो म्हणाला. त्या ट्रकच्या जन्मातली ही पहिली आंघोळ. खाली कडबा, त्यावर गाद्या, वर ताडपत्री. नागपूर, शिवनी, मंडला असे दोन दिवस लागतील. विश्रामगृहासाठी कान्ह्याला अर्ज केला. २६ नोव्हेंबरला निघायचं.

दिवाळीचा फराळ राखून ठेव. सुखीबाईंच्या हातचा असेल तर जास्त राख.

पुंडलिक

—

तांडा, कळंबजवळ
७ नोव्हेंबर १९५९

प्रिय पुंडलिका,

दिवाळी झाली आणि सहलही झाली, निदान आमची.

काल याडीला तपासायला नेलं. डॉक्टरांनी छाती ऐकली. म्हणाले, खोकला झाला तर डोळ्यांचं ऑपरेशन पुढे ढकलावं लागेल, दोन दिवस ट्रकची धूळ हिला परवडणार नाही. एका दिवसात पोचाल असं कुठे न्यायचं तर न्या, त्यापुढे नाही. मी कान्ह्याचं नाव काढलं, त्यांनी मान हलवली. संपलं.

तुम्ही जा. मी येणार नाही. तिला घरी ठेवून मला तिच्या डोंगरात फिरवणार नाही. रामरावाची गोणपाटं परत कर आणि त्याला सांग, त्याचं विचारणं मला फार बरं वाटलं.

याडी उलट माझ्यावरच चिडली आहे. तिला वाटतं, मी न्यायचं टाळतो आहे. सकाळी दळताना म्हणाली, "मोटार काय बैलाच्यान हळू चालते का? बारा पडावाले दोन दिस काहून लागते?" मी म्हटलं, याडी, लांब आहे. तर म्हणे, "कायचं लांब? पाहाटं लादाचं. उन्हाचा चटका लागला का उतरवाचं, बैल चराले सोडून द्याचे. मंग दिवसभर बाया सयपाक करे, पोरं खेळे. तुले कोनं सांगतलं लांब हाय म्हनून?" तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. साठ वर्षांपूर्वीची वाट, लहान पोरीची आठवण. तिला सगळंच जवळ वाटतं.

मन लागत नाही. शाळेत पोरांना आज नुसती शुद्धलेखनं दिली.

तुझा
देवसिंग

—

वणी,
१० नोव्हेंबर १९५९

देवसिंग,

हे पत्र कळंबच्या एस.टी. कंडक्टरच्या हातात देतो आहे. पोस्टावर माझा भरवसा नाही, आणि आज तर स्वतःवरही नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना 'बैल चराले सोडून द्याचे' इथे अडकलो आणि कपाळावर हात मारला. मी कुणब्याचं पोर. बैल म्हटला की मला त्याच्यामागे गाडी दिसते. गाडीच्या बैलाला दावणीला कडबा मिळतो, म्हणून तो दिवसभर ओढतो आणि दहा कोस जातो. पण तुमच्या बैलांना गाडी होती कुठे? पाठीवर गोण्या. शेकडो बैल, कडबा कोण पुरवणार? ते वाटेतच चरायचे. म्हणून अर्धा दिवस चालायचं आणि अर्धा दिवस चारायचं. असा बैल दिवसाला चार कोसांपुढे जात नसतो. हे सुखीबाई पहिल्यापासून सांगत होत्या आणि आपण दोन मास्तर नकाशावर दोरे सरकवत बसलो.

बारा चोक अठ्ठेचाळीस. शहाण्णव मैल. दोरा पुन्हा ठेवला. टोक ताडोब्यावर पडलं. डोंगर आहे, मोठं तळं आहे, पलीकडे चांद्याचा तांदूळ आहे, आणि ट्रकने सकाळी निघालं तर दिवस असता पोचतो. ज्या उद्यानाला मी नाक मुरडलं तेच.

पण आता मी माझ्या दोऱ्यावर विश्वास ठेवणार नाही. ताडोब्याच्या वाटेवर एक खूण आहे, ती दुसरीकडे कुठे नाही. ती मी तुला लिहीत नाही, म्हणजे तुझ्या तोंडून निसटायला नको. याडीला फक्त एवढं विचार, शेवटच्या पडावाआधी रस्त्याच्या कडेला काय होतं. ती सांगेल ते जसंच्या तसं लिही.

पुंडलिक

—

तांडा, कळंबजवळ
१४ नोव्हेंबर १९५९

प्रिय पुंडलिका,

विचारलं. ती ज्वारी पाखडत होती. सूप खाली न ठेवता म्हणाली:

"खांब. गोट्याचे. रस्त्याच्या कडंनं एकामांगं एक. मानसाच्यान उंच. गोंड राजाचे हाय म्हने. मी दरसाल त्याले पाठ टेकून पाहो, किती उंच झाली ते."

मग सूप थांबवून मलाच म्हणाली, "काहून? पुंडलिकाले खांब सापडले का?"

सापडले ना? तुझ्या होकाराची वाट न पाहता मी तिला हो म्हणून टाकलं आहे.

तुझा हिशेब वाचून मला तुझ्यापेक्षा जास्त शरम वाटली. तू कुणब्याचा, तुला गाडी दिसणारच. मी लदेणीवाल्यांचा नातू, पण जन्मलो तांड्यात, वाढलो वावरात, आणि मीही मनातल्या मनात गाडीच जुंपली होती. आमच्या वाटेची चाल माझ्या घरात, जात्याशी बसून होती आणि मी ती तुझ्या नकाशाला विचारत होतो.

डॉक्टरांनी एका दिवसाला परवानगी दिली. पण आता माझंच अडलं. शाळा तपासणीचं पत्र आलं, २७ नोव्हेंबर. एकशिक्षकी शाळा, मी हललो तर शाळाच हलते. तारीख पुढे ढकलावी म्हटलं तर याडीचे डोळे आणि डॉक्टरांची तारीख आड येते. तेव्हा तिला तुमच्या हवाली करतो. आयुष्यात पहिल्यांदा सहल चुकवतो आहे, तीही ही. तू डोळे उघडे ठेव आणि मला सगळं लिही, शहाणपणा न करता.

तुझा
देवसिंग

—

वणी,
१ डिसेंबर १९५९

देवसिंग,

शहाणपणा न करता लिहितो.

ट्रक तीनदा धुतला तरी आम्ही सगळे काळे झालो. मोहर्लीच्या नाक्यावरचा गार्ड म्हणाला, खाणीतले लोक दिसता. याडीच्या नाकातोंडाला मैनाने ओला रुमाल बांधला होता, त्यामुळे ती एकटी स्वच्छ राहिली. वाटेत तिने सगळ्यांना तुझ्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्या. शेळीची गोष्टसुद्धा. त्यावर पुढच्या वर्षी बोलू.

मोहर्ली सोडल्यावर थोड्या वेळाने पहिला खांब आला. घनश्यामने ट्रक थांबवला. याडी उतरली, हात पुढे करून चालत गेली, खांब चाचपला, वळली आणि पाठ टेकून सरळ उभी राहिली. डोक्यावर हात आडवा धरून मला म्हणाली, "पाह्य बरं पुंडलिक, कुठवर आली?" मी सांगितलं, अजून खांब उंच आहे. ती म्हणाली, "मंग तोच हाय." मैना तोंड फिरवून उभी राहिली. मीही राहिलो.

तळ्यावर पोचलो तेव्हा दिवस चांगला वर होता. रामरावाने आधी कारंजं शोधलं, मग मगरी आहेत हे कळल्यावर काठापासून वीस पावलं मागे गेला आणि चार दिवस तिथेच राहिला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गार्डला घेऊन वरच्या अंगाच्या खडकांत शिरणाऱ्यांत तो पहिला होता. याडीला खाली बसवलं होतं. तिला नीट दिसत नव्हतं, पण ती सांगत होती: पाणी डाव्या हाताला ठेवा, वर चढा, खडक पाण्याकडे तोंड करून असेल. तीन कपारी सापडल्या. पहिल्या दोन रिकाम्या. तिसरीत पाला होता. पाल्यात रामरावाने हात घातला. मी ओरडलो, साप असेल. त्याने ऐकलं नाही. एकेक करून गुळगुळीत गोटे बाहेर काढले. ते डोंगरातले नव्हते, पाण्याकाठचे होते. कोणीतरी उचलून आणल्याशिवाय तिथे येणार नाहीत असे.

आठ निघाले. नऊ पाहिजे होते. तू लिहिलं होतंस, नऊ वर्षांची होईपर्यंत. रामराव पालथा पडून कोपरापर्यंत हात घालून नववा शोधत राहिला. त्याची नखं फुटली. मला वाटलं, आता ही जागा नव्हेच म्हणायचं का, आणि खाली जाऊन तिला काय सांगायचं. शेवटी आम्ही तिला धरून वर आणलं. मी भीत भीत म्हटलं, "याडी, आठच आहेत."

ती म्हणाली, "आठच राह्यतीन. नववा ठेवाचा होता, त्या साली दुष्काळ पडला. आम्ही आलोच नाही."

मग तिने ओढणीची गाठ सोडली. ती गाठ जड आहे हे मैनाने ट्रकमध्येच पाहिलं होतं, तिला वाटलं गूळ आहे. गाठीत दगड होता, तुमच्या तांड्याच्या ओढ्यातला. तिने आठही गोटे हाताने मोजून परत आत ठेवले, त्यावर नववा ठेवला, आणि कपारीला कपाळ टेकवलं. बराच वेळ ती तिच्या याडीशी तुमच्या बोलीत बोलली. आम्हाला काही कळलं नाही, आणि आम्ही समजून घ्यायचा प्रयत्नही केला नाही.

देवसिंग, माझा हिशेब दुसऱ्यांदा चुकला आणि मला एवढा आनंद कधी झाला नव्हता. तू तिथे हवा होतास. हे मी पाच जणांतर्फे लिहितो, मैना धरून सहा.

पुंडलिक

ता. क. वाघ दिसला नाही. रामराव ही सहल आजवरची सर्वांत चांगली होती असं सांगत फिरतो आहे.

—

तांडा, कळंबजवळ
२१ डिसेंबर १९५९

प्रिय पुंडलिका,

तुझं पत्र याडीला वाचून दाखवलं. रामरावाच्या नखांपाशी तिने पुन्हा वाचायला लावलं. शाळा तपासणी चांगली झाली. साहेबांनी जगाच्या नकाशाबद्दल हळहळ व्यक्त केली, जिल्ह्याचा नकाशा देतो म्हणाले.

डोळ्यांचं काम झालं. परवा पट्टी सोडली. उजव्या डोळ्याने तिने आधी माझा चेहरा पाहिला आणि म्हणाली, मी म्हातारा झालो. डावा डोळा मागाहून बघू म्हणतात.

पण मला तुला दुसरंच सांगायचं आहे. भरती करताना चिठ्ठी लिहायला तोच माणूस होता. त्याने कागद पुढे ओढला, नाव लिहिलं, वय लिहिलं, आणि त्या रकान्याशी आल्यावर, कदाचित मागची रेघ आठवून, न विचारता पुढे जायला लागला. याडीने कागदावर बोट ठेवलं.

"बाबू, लिही. ताडोबा."

तो म्हणाला, "आजी, तिथं तं गाव नाही. सारं सरकारी जंगल हाय. तिथं कोन राह्यते?"

"वाघ राह्यते," याडी म्हणाली. "अन् मी तिथली हाय."

रांगेतली माणसं या वेळीही हसली. ती सुद्धा हसली. त्याने टाक शाईत बुडवला आणि सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं. तो कागद मी मागून घेतला आहे. तुम्ही सगळे संक्रांतीला या, दाखवतो.

तुझा
देवसिंग